उणीव आणि उत्तरदायित्व

अपंगत्व असलेली व्यक्ती अधिकारपदावर आली, की तिच्याविषयी कौतुक आणि दया या दोन भावना आपल्या मनात एकदमच येतात. परंतु कारभार चालतो तो परस्परविश्वासावर. हा विश्वास कसा निर्माण व्हावा?

दृष्टिहीन विभागप्रमुखाचे उदाहरण घेऊ. टंकलिखित मजकूर आज संगणक त्याला वाचून दाखवतो. मात्र हस्ताक्षरातील शेऱ्यासाठी बहुधा सहकाऱ्याचाच आधार घ्यावा लागतो. ‘साहेबांना उगाच त्रास नको’ म्हणून कारकुनाने त्यातले एखादे गैरसोयीचे वाक्य गाळले, तर हेतू कितीही चांगला असला तरी ती फसवणूकच होय. उलट, निर्णय चुकताच ‘मला नीट वाचून दाखवले नाही’ असे म्हणून साहेबांनी हात झटकले, तर तेही पदाला शोभणारे नाही. म्हणून आपल्याला कोणती मदत लागते, हे अधिकाऱ्याने आरंभीच निःसंकोचपणे सांगावे. शेरा शब्दशः वाचला जावा, महत्त्वाचा कागद दोघांकडून वाचून घ्यावा आणि निर्णयाची जबाबदारी अधिकाऱ्याने स्वतःच्या शिरावर ठेवावी.

पवित्र शास्त्रातील मोशे जिभेचा जड होता. आपली अडचण त्याने परमेश्वरापासून लपवली नाही. त्याच्या वतीने बोलण्यास अहरोन मिळाला. पण लोकांना मिसरमधून बाहेर काढण्याची कामगिरी मोशेकडेच राहिली. पुढे मोशे पर्वतावर असताना अहरोनाने सोन्याचे वासरू घडवले. तेव्हा ज्याच्या वाणीवर आपण विसंबलो, त्या भावालाच मोशेने जाब विचारला आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही केली. परावलंबन होते म्हणून त्याने जाब विचारणे टाळले नाही. जाब विचारला म्हणून नातेही तोडले नाही.

आपल्या देशातील 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली असून वाजवी सोयी पुरवण्याचे बंधन सरकारी आस्थापनांवर घातले आहे. उतरता रस्ता, वाचणारे यंत्र हे कायद्याने मिळू शकते. खरे बोलणारा सहकारी मात्र कायद्याने मिळत नाही.

आपल्या शाळांत, पतपेढ्यांत, धर्मग्रामाच्या मंडळांत अशी व्यक्ती प्रमुख झाली, तर तिची चूक दयेपोटी झाकू नये आणि आपलीही तिच्यापासून लपवू नये. जिला आपण जाब विचारू शकतो व जी आपल्याला जाब विचारू शकते, तिलाच आपण खऱ्या अर्थाने बरोबरीची मानलेले असते. ख्रिस्ताच्या एका शरीराचे आपण अवयव आहोत, ही आपली श्रद्धा अशाच वागणुकीतून दिसावी.