गर्भातले प्रारब्ध कोणाचे?

प्रारब्ध म्हणजे पूर्वसंचितापैकी ज्याची फळे या जन्मी भोगण्यास आरंभ झाला आहे तो अंश, अशी वेदान्ताची धारणा असून, कर्म करणारा आणि फळ भोगणारा जीव एकच असतो या अटीवर तिची सारी न्याय्यता उभी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गर्भारपण आणि नवजात बालकांचे आरोग्य यांवर तीन दशकांहून अधिक काळ केलेले संशोधन नेमके या अटीपाशी येऊन ठेपते.

जन्मवेळचे वजन कमी असलेल्यांत पुढे हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते, हे इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर यांनी दाखवले होते. याच विचाराच्या प्रेरणेने १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत जो अभ्यास सुरू झाला, त्यात स्त्रियांची नोंद गर्भधारणेच्या आधीपासून ठेवली गेली. तेथील बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. मात्र स्नायू आणि पोटातील अवयव लहान असूनही या बालकांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला किरकोळ, पण अंगी चरबी बाळगणारी ही शरीररचना पुढे मधुमेहाला अनुकूल ठरते. या बालकांच्या बहुसंख्य मातांत ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्यांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला शरीराने पुरेशी दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. अठराव्या वर्षी या अभ्यासातील ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेपलीकडे गेलेली होती, आणि तीही बहुतेकांची अंगकाठी सडपातळ असताना.

गर्भोपनिषदात नवव्या महिन्यातील जीवाला आपले पूर्वजन्म आठवतात आणि जन्मताच त्याला त्यांचा विसर पडतो, असे वर्णन आहे. पुण्याजवळच्या त्या बालकांच्या बाबतीतही जन्मापूर्वीचे काहीतरी देहात उतरलेले आहे. परंतु ते त्या जीवाने केलेले नसून, घरातील सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेल्यावर भागवणाऱ्या त्याच्या आईच्या, आणि कदाचित आजीच्या, वाट्याला आलेले आहे. जीवाने स्वकर्मानेच असे गर्भाशय मिळवले, असे उत्तर अर्थात देता येते व त्यात तार्किक विसंगतीही नाही. पण जे उत्तर कोणत्याही वस्तुस्थितीला सारखेच लागू पडते, ते ताटात काय वाढावे याविषयी मौनच पाळते. त्या मानाने चरकसंहिता अधिक सावध आहे. तिच्या शारीरस्थानात गर्भाची घडण माता, पिता, आत्मा, सात्म्य म्हणजे शरीराला मानवलेला आहारविहार, रस म्हणजे अन्नाचे पोषक सार आणि सत्त्व म्हणजे मन, अशा सहांपासून सांगितली असून, आत्म्याचा वाटा मान्य करूनही अन्नाचा वाटा स्वतंत्र ठेवला आहे.

कर्त्याचे वर्तुळ असे जीवापलीकडे आईपर्यंत मोठे करताना एक धोका संभवतो, तो म्हणजे पूर्वी जीवावर असलेला दोष उचलून आईवर ठेवण्याचा. गर्भसंस्कारांच्या नावाने आज जो बाजार चालतो, त्यात ही चूक रोज घडते. जिला आपले ताट निवडण्याचा अधिकार नव्हता, तिला कर्ती ठरवणे हे कर्मसिद्धान्ताच्या स्वतःच्या निकषावरही टिकत नाही.

मुळा-मुठेच्या काठचे खराडी हे एका पिढीपूर्वी शेतीचे गाव होते. आज तेथे इऑन आयटी पार्क उभा आहे. टंचाईच्या अपेक्षेने गर्भात घडलेल्या देहाला पुढे मुबलक अन्न आणि बैठे काम मिळाले, तर ती घडणच त्याला बाधते, असा बार्कर यांच्या विचाराचा आशय असून, हा फेरपालट खराडीसारख्या ठिकाणी अक्षरशः एकाच कुटुंबात घडू शकतो. संपन्नता आली, याला पाप म्हणता येणार नाही, आणि तरीही तिचे फळ देहाला भोगावे लागते. हा प्रश्न पारंपरिक कर्मविचारात नीट बसत नाही.

श्राद्धात वंशज पितरांसाठी कर्म करतो, म्हणजे एकाच्या कर्माचा लाभ दुसऱ्याला पोहोचतो हे परंपरेला अगदीच अमान्य नाही. गर्भाच्या बाबतीत दिशा तेवढी उलटी आहे. याज्ञिकांच्या गटाने २०१२ साली सुरू केलेल्या प्रयोगात त्याच खेड्यांतील किशोरवयीनांना ब-१२ च्या गोळ्या देण्यात आल्या, त्या पुढे जन्माला येणाऱ्या बालकांच्या हितासाठी. त्यात मुलींबरोबर मुलगेही होते, ही बाब महत्त्वाची. कारण चरकाने गर्भाच्या घडणीत मान्य केलेला पित्याचा वाटा एरवी आहाराच्या उपदेशातून सोयीस्करपणे वगळला जातो.