अठरा ली सोबत

परदेशातल्या शाळेत काही दिवस राहून परतणाऱ्या मुलांचा निरोप हा आता नुसता उपचार उरला आहे, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांचे अगदीच चुकते असे नाही. जर्मनीतल्या किंवा फ्रान्समधल्या यजमान कुटुंबाच्या गळ्यात पडून रडलेल्या मुलीला विमान सुटायच्या आत त्याच घरातून संदेश येतो, घरी पोचेपर्यंत फोटोंचा ढीग साठतो आणि पुढची दोन वर्षे रोज कोणी काय खाल्ले याची देवघेव चालू राहते. डोळे खरेच भरून आलेले असतात; पण त्या निरोपात गमावण्यासारखे काही नसते.

चीनहून परतणाऱ्या भारतीय मुलांचे तसे नाही. चीनमध्ये फेसबुक आणि यूट्यूब 2009पासून बंद आहेत, जीमेल आणि इन्स्टाग्राम 2014पासून, आणि व्हॉट्सअ‍ॅपची दारे 2017मध्ये लागली. चिनी मुलांचे सगळे जग ज्या वुईचॅटवर चालते, ते जून 2020मध्ये आपल्या सरकारने इतर अठ्ठावन्न अ‍ॅप्सबरोबर बंद केले. कारणे दोन्हीकडे राजकीय, आणि ती इथे उगाळायची नाहीत. परिणाम एवढाच, की लोकसंख्येने जगातल्या सर्वांत मोठ्या दोन देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांना एकमेकांशी सहज बोलता येईल असा एकही रस्ता उरला नाही. आडवाटा आहेत, ईमेलही आहे. पण पंधरा वर्षांचे मूल आपणहून ईमेल लिहिते यावर माझा विश्वास नाही. म्हणून चिनी शाळेच्या दारात घेतलेला निरोप हा आजच्या काळात उरलेल्या थोड्याथोडक्या खऱ्या निरोपांपैकी एक आहे. तो जुन्या अर्थाने निरोप आहे: यानंतर भेट होईल की नाही, खबर मिळेल की नाही, हे ठाऊक नसताना घेतलेला.

आणि योगायोग असा, की हा निरोप ज्या देशात घ्यावा लागतो, त्या देशाने निरोप ही गोष्ट हजारभर वर्षे कलेसारखी जोपासलेली आहे.

कोविडच्या साथीच्या आधी पुण्यातल्या शाळकरी मुलांच्या एका गटाबरोबर सोबतीची शिक्षिका म्हणून मी हबेई प्रांतात गेले होते. यजमान शाळेत मुले चिनी वर्गात बसत, सकाळच्या कवायतीला उभी राहत, दुपारी डोळे मिटून बोटांनी भुवया दाबण्याचा तो सरकारी व्यायामही करत, आणि संध्याकाळी आपापल्या यजमान घरी जात. शेवटच्या संध्याकाळी बहुतेक घरांमध्ये एकच बेत होता: च्याओत्झ, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या. उत्तर चीनमध्ये रीत अशी, की निघणाऱ्याला च्याओत्झ खाऊ घालायचे आणि आलेल्याला नूडल्स. आमच्यातल्या शाकाहारी मुलांसाठी अंडे आणि लसणीच्या पातीचे सारण केलेले होते, आणि अंडे शाकाहारात बसते का, यावर एका स्वयंपाकघरात बराच काळ खाणाखुणांनी चर्चा झाली. पारी लाटणे, सारण भरणे, कडा चिमटीने मुरडून बंद करणे, हे सगळे आजी, आई आणि मुले मिळून करतात. दिवाळीत करंज्यांना बसलेल्या घराची ज्याला ओळख आहे, त्याला त्या टेबलावर परके वाटण्याचे कारण नव्हते. चांगले दोन तास गेले. बोलायला समान भाषा फारशी नव्हती, आणि ती लागलीही नाही. निरोपाला वेळ द्यावा लागतो, आणि हात रिकामे असले तर तो वेळ जाता जात नाही, हे त्या आजींना कोणी शिकवायची गरज नव्हती.

वर्गातल्या मुलांची रीत वेगळी. शाळा सोडताना चिनी मुले एकमेकांच्या गणवेशावर पेनाने सह्या करतात. त्याशिवाय ‘थोंगश्वेलू’ नावाची एक छापील वही दुकानात मिळते. तिच्या प्रत्येक पानावर नाव, जन्मतारीख, रास, रक्तगट, आवडता रंग असे रकाने असतात आणि खाली दोन ओळी लिहायला जागा. आपल्याकडे पूर्वी स्लॅमबुके फिरत, तोच प्रकार. आमच्या मुलांनीही पाने भरली. रक्तगट माहीत नसल्याने कित्येकांनी तो ठोकून दिला.

चिनी परंपरेत निरोपाचे माप अंतराने मोजत. थांग राजवटीच्या काळात राजधानी चांगआनहून, म्हणजे आजच्या शीआनहून, पूर्वेकडे निघालेल्या माणसाला त्याचे मित्र बा नदीवरच्या पुलापर्यंत पोचवायला जात. तिथे काठच्या वाळुंजीची डहाळी मोडून त्याच्या हातात द्यायची आणि मग मागे फिरायचे. पूल शहरापासून काही कोस दूर. दारातून हात हलवून भागत नसे. थांग कवींच्या निरोपाच्या कविता इतक्या आहेत, की तो एक स्वतंत्र प्रकारच मानला जातो. त्या कवितांमागे बदलीचे सरकारी हुकूम असत. परीक्षा देऊन नोकरीत शिरलेला माणूस पुढचे आयुष्यभर या टोकाहून त्या टोकाला फिरत राही, आणि पुन्हा गाठ पडण्याची शाश्वती नसे.

शाळासोबत्यांच्या निरोपाची सर्वांत लाडकी चिनी कथा म्हणजे ल्यांग शानबो आणि झू यिंगताई यांची. झू यिंगताई ही मुलगी. शिकता यावे म्हणून मुलाच्या वेषात हांगझोऊला जाते आणि तीन वर्षे ल्यांगच्या शेजारी बसून अभ्यास करते. घरून बोलावणे येते तेव्हा ल्यांग तिला अठरा ली, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर, सोबत करतो. वाटेत ती विहीर दाखवते, बदकांची जोडी दाखवते, नाना प्रकारे सुचवते की मी मुलगी आहे. त्या बापड्याला शेवटपर्यंत काही उमगत नाही. पुढची कथा दुःखाची आहे. पण लोकांना आवडतो तो हा चालण्याचा भाग. यावरचा रंगीत ऑपेरापट चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी 1954मध्ये जिनीव्हा परिषदेत पाश्चात्त्य पाहुण्यांना मुद्दाम दाखवला होता. मला या कथेत एक व्यवहारी शहाणपण दिसते. एकाच बाकावर तीन वर्षे बसून जे बोलता आले नाही, ते बोलायला निघण्याची वेळ आणि लांबचा रस्ता लागला.

आजच्या चीनमध्ये ते नऊ किलोमीटर उरलेले नाहीत. रेल्वेचे तिकीट ओळखपत्राशी बांधलेले असते, आणि मोठ्या स्थानकांत पोचवायला आलेल्याला सहसा तपासणीच्या दारातच थांबावे लागते. फलाटापर्यंत जाता येत नाही. झू झिछिंग यांचा 1925चा ‘पाठमोरी आकृती’ हा निबंध चिनी मुले माध्यमिक शाळेत अभ्यासतात. नानजिंगजवळच्या पुखौ स्थानकावर मुलाला गाडीत बसवून द्यायला आलेला स्थूल बाप रूळ ओलांडून, पलीकडच्या फलाटावर धडपडत चढून संत्री घेऊन येतो, एवढाच त्यातला प्रसंग. आजच्या स्थानकात तो बाप संत्र्यांपर्यंत पोचलाच नसता. (चिनी पोरे अर्थात पोरेच. ‘थांब, संत्री घेऊन येतो’ हे वाक्य ती आता मित्राला चिडवायला वापरतात. मी तुझा बाप आहे, असा त्याचा छुपा अर्थ. पाठ्यपुस्तकाचा सूड मुले सगळीकडे घेतात.)

चीनमध्ये शाळेच्या निरोपाला जे गाणे हटकून आठवते, ते ली शूथोंग यांनी 1915च्या सुमारास लिहिले. चाल मात्र चिनी नाही. जॉन ऑर्डवे या अमेरिकन माणसाच्या घरच्या आठवणीवरच्या गाण्याची ती चाल आधी जपानी शाळांत गेली. तोक्योला चित्रकला शिकायला गेलेल्या ली शूथोंग यांना ती तिथे भेटली आणि त्यांनी तिला चिनी शब्द दिले. म्हणजे चीनचे सर्वांत आपले वाटणारे निरोपगीत हे एका परदेशी शिकून आलेल्या विद्यार्थ्याने सोबत आणलेले सामान आहे. पुढे 1918मध्ये ते बौद्ध भिक्षू झाले आणि संसार, संगीत, चित्रकला, सगळ्याचाच निरोप घेतला.

भारत आणि चीन यांच्यातला सर्वांत देखणा निरोप मात्र आपल्याकडचा आहे, आणि तो शिकून परत निघालेल्या चिनी विद्यार्थ्याला दिलेला आहे. ह्युएनत्संग नालंदेहून निघायचे म्हणू लागला तेव्हा तिथल्या भिक्षूंनी त्याला राहण्याचा आग्रह केला. त्याचे गुरू शीलभद्र यांनी मात्र त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि जायला मोकळीक दिली. गुरू असा असावा. पुढे हर्षवर्धनाने प्रयागच्या मेळ्यानंतर त्याला रीतसर निरोप दिला, वाटेसाठी हत्ती दिला. आणि तीन दिवसांनी हर्ष कामरूपच्या कुमारराजाला आणि काही शे स्वारांना घेऊन, घोडे दौडवत, पुन्हा त्याला वाटेत गाठायला आला. निरोप पुरता झाला नव्हता, एवढेच कारण. ह्युएनत्संगाच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात हे नोंदलेले आहे. हा हर्षही आपल्या पुलकेशीला जिंकू शकला नव्हता, हे सांगायला ह्युएनत्संग विसरला नाही; मराठी वाचकाला त्याचा तेवढाच भाग सहसा ठाऊक असतो.

त्याच चरित्रात पुढची पत्रेही आहेत. सिंधू ओलांडताना नाव हेलकावून ह्युएनत्संगाच्या पन्नासेक पोथ्या वाहून गेल्या होत्या. सन 652मध्ये बोधगयेच्या भिक्षूंनी त्याला पत्र आणि पांढऱ्या कापडाची जोडी पाठवली. त्याने 654मध्ये उत्तर दिले, शीलभद्रांच्या मृत्यूबद्दल दुःख कळवले आणि हरवलेल्या पोथ्यांची यादी जोडली: जमल्यास पाठवा. निघून दहा वर्षे झाल्यावरचा हा व्यवहार आहे. अंतर, वाळवंट, डोंगर, सगळे मध्ये असताना ती ओळख टिकली, कारण निघताना दोन्ही बाजूंनी ती पक्की केली होती. माझे म्हणणे एवढ्यावरच उभे आहे. संपर्क सोपा असला तर निरोप आटोपता घेतला तरी चालते. तो अवघड असला तर निरोपातच पुढची शिदोरी बांधून द्यावी लागते.

निरोप न घेता तुटल्याचे उदाहरणही ताजे आहे. चीनमध्ये वैद्यकीय आणि इतर शिक्षण घेणारे सुमारे 23,000 भारतीय विद्यार्थी साथीच्या काळात भारतात अडकले. त्यांत मराठी मुलेही होती. बरेचजण जानेवारी 2020मध्ये वसंतोत्सवाच्या सुट्टीसाठी, पंधरावीस दिवसांनी परतायचे म्हणून, घरी आले होते. विद्यार्थ्यांना पुन्हा व्हिसा मिळू लागला तो ऑगस्ट 2022च्या अखेरीस. मधल्या काळात कित्येकांचे शिक्षण पडद्यावरच पुरे झाले. पुस्तके आणि कपडे वसतिगृहाच्या खोलीत राहिले. दोन्ही देशांमधली थेट विमाने तर ऑक्टोबर 2025मध्ये, कोलकाता ते ग्वांगझोऊ अशी, पुन्हा सुरू झाली. या मुलांशी चीनविषयी बोलताना मला नेहमी जाणवते, की ती त्या शहरांबद्दल वर्तमानकाळात बोलतात.

माझ्या त्या दौऱ्यात आमच्या मुलांना शिजियाझुआंगला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या समाधीवर नेले होते. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर 1 सप्टेंबर 1938 रोजी चार सहकाऱ्यांबरोबर मुंबई बंदरातून चीनच्या मदतीला निघाला. बाकीचे परतले, तो 9 डिसेंबर 1942 रोजी तिकडेच वारला. तिथे चिनी मुलांनी फुले ठेवली, आमच्यांनीही. भाषण लांबले. मुलांचे लक्ष नव्हते, आणि मी त्यांना दोष देत नाही. पण देवघेवीच्या कार्यक्रमांचा सगळा भर अशाच प्रसंगांवर असतो, ही माझी तक्रार आहे. शासने आकडे मोजतात. चीनच्या राष्ट्राध्यक्षांनी नोव्हेंबर 2023मध्ये पाच वर्षांत 50,000 अमेरिकन तरुणांना बोलावण्याचे जाहीर केले. आकडा मोठा आहे आणि हेतूही वाईट नाही. पण किती आले हे मोजता येते. कसे गेले, हे कोणी मोजत नाही. म्हणून शेवटचा दिवस प्रमाणपत्रे, सामूहिक छायाचित्र, स्मृतिचिन्ह आणि खरेदी यांत जातो. यजमान घरांबरोबर दहा मिनिटे मिळतात, तीही बस सुरू करून ठेवलेली असताना.

मुलांचे असे दौरे पुन्हा निघू लागले, तर ते आखणाऱ्या शाळांना आणि पालकांना माझी विनंती आहे. शेवटच्या दिवशी कार्यक्रम ठेवू नका. मुलांना यजमान घरी स्वयंपाकाला बसू द्या आणि बसपर्यंत त्यांच्याबरोबर चालत येऊ द्या. अर्धा तास उशीर झाला तर होऊ द्या. घरचा पत्ता चिनी लिपीत, त्या मुलाच्याच हाताने कागदावर लिहून घ्या आणि आपला नीट लिहून द्या. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलांना पत्र लिहून पोस्टात टाकायला लावा, आणि उत्तर यायला वेळ लागेल हे आधीच सांगून ठेवा.