तांबीविषयी एक दुरुस्ती



गेल्या महिन्यात मिस्सा संपल्यावर एक भगिनी दारात थांबल्या. "फादर, मी तांबी बसवलीय. म्हणजे दर महिन्याला मी एक बाळ मारतेय का?" विवाह-तयारीच्या वर्गात मीच एकदा तसे बोललो होतो. आज ते दुरुस्त करतो.

कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. धातूचा अंश ताकात उतरतो. तांबीचेही असेच. टी अक्षराच्या आकाराच्या प्लास्टिकवर तांब्याची तार गुंडाळलेली असते. तिचा सूक्ष्म अंश गर्भाशयातील द्रवात उतरतो आणि शुक्रजंतूंना मारक ठरतो. त्यांची हालचाल मंदावते. परकी वस्तू आली म्हणून शरीरातील पांढऱ्या पेशीही तेथे गोळा होतात. बहुतेक वेळा शुक्रजंतू आणि स्त्रीबीज यांचे मीलनच होत नाही. सरकारी दवाखान्यात मिळणारी ३८०-ए तांबी १० वर्षे चालते.

मात्र मीलन झालेच, तर गर्भ रुजण्यास तांबीचा अडथळा होण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. संबंधानंतर ५ दिवसांच्या आत तातडीचा उपाय म्हणून ती बसवतात, तेव्हा हा प्रश्न अधिक गंभीर होतो.

ख्रिस्तसभेची शिकवण मी सौम्य करीत नाही. पोप सहावे पॉल यांनी १९६८ साली 'ह्युमाने व्हिटे' या परिपत्रकात कृत्रिम संततिनियमन नाकारले. नैसर्गिक पद्धतीला मोकळीक दिली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली गर्भनिरोध आणि गर्भपात ही दोन वेगवेगळ्या प्रकारची दुष्कृत्ये आहेत असे लिहिले. त्याच परिपत्रकात गर्भाशयातील साधनांवर गर्भपाताच्या अंगाने टीका आहे, हेही लपवत नाही. पण एखादी गोष्ट चूक आहे हे सांगण्यासाठी ती आहे त्याहून भयंकर करून सांगणे, हा आठव्या आज्ञेचा भंग आहे. तत्त्वज्ञान शिकताना व्याख्येची काटेकोरी घोकली होती; वर्गात उभा राहिलो आणि विसरलो.

आणखी एक. हा प्रश्न विचारायला आजवर एकही पुरुष माझ्याकडे आलेला नाही. नैसर्गिक पद्धतीत संयम दोघांचा लागतो, तिथे पतिराजांची कुरकुर. तांबीत रक्तस्राव आणि पोटदुखी एकटीची.

त्या भगिनी बरेच दिवस कम्युनियनच्या रांगेत येत नव्हत्या. येत्या बुधवारी संध्याकाळी त्यांना बोलावले आहे, पतीसह.

तुमचा,
फादर