काठाला कोण?

वाकळ शिवण्याचं खरं काम सुईत दोरा ओवण्याआधीच होऊन जातं. कुठलं फडकं कुठं घालायचं हे एकदा ठरलं, की मागं उरतो तो नुसता धावदोरा. तो घरातल्या कुणीही घालावा. मांडणी मात्र आमच्याकडं आईशिवाय कुणी करत नसे. सुगी उरकली, उन्हं तापली, की ती सोप्यात घोंगडं अंथरायची आणि वर्षभर साठवलेल्या जुनेराचं गाठोडं सोडायची. लुगडी, धोतरं, चोळ्या, पोरांच्या चड्ड्या, सगळं त्यात असायचं. एखादं लुगडं धड असलं तर अस्तर आणि वरचा थर दोन्ही त्याच्यातच निघायचे.

मांडणीत आईचा एकच कायदा होता. कापड कुणाचं हे बघायचं नाही, ते किती टिकंल हे बघायचं. वडिलांच्या पटक्याला गावात मान होता, पण तो विरून मऊ झाल्यावर दोन थरांच्या मधे गेला. पुन्हा कुणाच्या नजरेला पडला नाही. सालगड्याची मांजरपाटाची बंडी मात्र वर, काठाला, सगळ्यांना दिसंल अशी बसली. आत्याला ते खटकलं. दादाचा पटका आत आणि गड्याची बंडी वर, हे काय, असं ती म्हणाली. आई म्हणाली, "मानाचं काय घिऊन बसलाईसा वन्सं? वाकळ फाटती ती काठाला आन् पायाशी. तितं दांडगंच कापड पायजे."

ते खरंच होतं. पांघरताना हात पडतो तो काठावर. ओढाताण होते ती काठाची. ओढ्यावर धुताना दोघी पीळ घालतात तो काठ धरूनच, आणि वाळत घातल्यावर कुंपणाच्या काट्यात अडकतो तोही काठच. पायाशी तर टाचांच्या भेगा रात्रभर कापडाला ओरखडत असतात. मधला भाग तेवढा सुखात असतो. म्हणून जाडभरडं बाहेर आणि नाजूक आत. कोरं सुती कापड असलं तर आई ते आधी रात्रभर भिजवून आकसवून घ्यायची, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आखडतं आणि शेजारच्या जुन्याला ओढून फाडतं. टेरीकॉट ती घ्यायचीच नाही. ते घाम पीत नाही.

मला या कायद्याचं फार कौतुक होतं. माणसाची पत बाजूला ठेवून गुणावर जागा देणारा असा न्याय गावात दुसरीकडं कुठं दिसत नव्हता. पण आईचं घरही याच कायद्यावर चालायचं, आणि तिथं तो न्याय वाटेनासा व्हायचा. थोरली वहिनी अंगानं दणकट. म्हणून पहाटेच्या धारा तिच्याकडं, बाराजणांच्या भाकरी तिच्याकडं, सासऱ्याचं दुखणं तिच्याकडं. धाकटी किडकिडीत, दहावी झालेली. तिच्याकडं निवडणं-टिपणं. थोरली कधी कुरकुरली नाही, आणि कुरकुरत नाही म्हणून तिच्याकडं आणखी एक काम यायचं. जो सोसतो त्यालाच जास्त सोसायला लावायचं, हा न्याय म्हणायचा की नुसती सोय?

ही गाठ सुटायला लागली ती एका वाकळेच्या निमित्तानं. धाकटीनं तालुक्याच्या शिवणक्लासात षटकोनी फुलांचं काम शिकून घेतलं होतं. बांगडी ठेवून तिनं कागदावर गोल काढला. गोलाच्या निम्म्या रुंदीचं माप त्याच्या कडेवर टाकत गेलं, की सहाव्या वेळेला बरोबर पहिल्या खुणेवर येतं. त्या सहा खुणा जोडल्या की षटकोन. तसे तिनं जुन्या लग्नपत्रिकांचे शेकडो षटकोन कापले. प्रत्येकावर फडकं दुमडून कच्चा टाका घालायचा, मग काठाला काठ लावून बारीक टाक्यांनी जोडायचं. सहाही बाजू शिवून झाल्या की मधली पत्रिका काढून घ्यायची. मधे 1, भोवती 6, झालं फूल. षटकोनांच्या मधे फट राहत नाही, मोहोळाच्या पोळ्यात राहत नाही तशीच. पंचकोनाचं हे जमत नाही.

तिची मांडणी आई बाजूला बसून बघत होती. प्रत्येक फुलाला मधे पिवळा, पाकळ्या एकाच लुगड्याच्या, आणि फुलाफुलांच्या मधल्या वाटा मांजरपाटाच्या. म्हणजे दांडगं कापड काठाला एकवटलं नव्हतं, सगळ्या वाकळभर खेळवलेलं होतं. आईनं विचारलं, "ह्येला उशाची बाजू कंची आन् पायाची कंची?"

"तशी बाजूच न्हाई आत्ती. चारी अंगांनी सारकीच हाय. रोज फिरवून घ्यायची, मग एकाच अंगाला झिजत न्हाई."

"पायाचं तोंडावर घ्यायचं व्हय?"

"धुतल्यावर पाय काय आन् तोंड काय, आत्ती." आणि मग मान खाली ठेवूनच म्हणाली, "थोरल्या जाऊबाईंचं बी तसंच करूया की. त्या येकाच अंगानं झिजाय लागल्यात."

आई काही बोलली नाही. चार दिवसांनी तिनं हुकूम काढला, उद्यापासून धारा धाकटीनं काढायच्या. सगळ्यांना वाटलं, थोरली सुटली. पण ती घुम्यासारखी झाली. धाकटीच्या हाताखाली म्हस पान्हा चोरते म्हणून पहिले दोन दिवस गोठ्याच्या दारात उभी राहिली. शेवटी आईला म्हणाली, "धारा माज्याच ऱ्हाऊ द्या. भाकरी दुसऱ्या कुणाला द्या. चुलीम्होरं माजं डोळं जात्यात."

डोळ्यांचं दुखणं होतं, आणि ते इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आम्हाला जे ओझं वाटत होतं तो तिचा पहाटेचा एकांत होता, आणि ज्या भाकऱ्या आम्ही आवडीनं खात होतो त्या तिला जड जात होत्या. भाकरी धाकटीकडं आली. पहिले काही महिने वातड होती, सगळ्यांनी खाल्ली.

दणकटाला काठाला लावणं मला आजही चूक वाटत नाही. नाजूक फडकं काठाला लावून त्याचा मान राखला म्हणायचं आणि पहिल्या थंडीत ते फाटू द्यायचं, यात कुणाचंच भलं नाही. घर चालायचं तर ज्याला झेपतं त्याच्याकडं काम जाणारच. पण आईच्या जुन्या वाकळेत काठ एकदा काठ झाला की फाटेपर्यंत काठच राहायचा. धाकटीनं वाकळ फिरवायची सोय मांडणीतच केली. तेवढी सोय प्रत्येक घरात असावी.

पण माणसाच्या बाबतीत तेवढ्यानं भागत नाही. कापडाला विचारता येत नाही, म्हणून मांडणाऱ्यानं त्याची ताकद चाचपून ठरवायचं असतं. माणसाला तोंड आहे. त्याचं ओझं उतरवायला जातानाही, यातलं नेमकं जड काय लागतंय, हे आधी त्यालाच विचारावं लागतं.