जोडतास

शाळेच्या लॉगबुकात माझ्या हातचा एक शेरा आहे, लाल शाईतला, सहीशिक्क्यासकट. 'विद्यार्थी जागेवर नाहीत. वर्गात गोंगाट. अभ्यासक्रम मागे. सुधारणा अपेक्षित.' नववी ब, मंगळवार, पाचवा-सहावा तास. मुख्याध्यापिका म्हणून असे शेकडो शेरे मी लिहिले असतील. हा एकच पाठ राहिला. त्यात खोटं काही नव्हतं. मुलं जागेवर नव्हती, आवाज होता, दोन प्रकरणं मागे होती. पण त्या दिवशी त्या वर्गात काय चाललं होतं, हे तो शेरा वाचून कुणालाही कळणार नाही. मला तरी कळलं होतं का, हे तपासायला मी आज बसले आहे.

आमची शाळा माणदेशातली. आभाळ भरून येतं आणि न बरसता तसंच पुढे निघून जातं, त्या मुलखातली. इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल शिकवणारे एक सर जूनमध्ये माझ्या खोलीत आले. हातात वहीचा एक कागद, त्यावर भागाकार मांडलेला. म्हणाले, "बाई, वर्गाचा पट ५४. तास ३५ मिनिटांचा. मी अख्खा तास एक शब्दही बोललो नाही, सगळा मुलांना दिला, तरी एकेकाच्या वाट्याला ३९ सेकंद येतात. मला आठवड्यातून एक जोडतास द्या." मागणी रास्त वाटली. वेळापत्रक अजून पेन्सिलीतच होतं. मंगळवारचे पाचवा आणि सहावा तास मी त्यांना जोडून दिले. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही.

त्या जोडतासाला सर बाक भिंतीकडे सरकवून मधली जागा मोकळी करत. १८ मुलं आतल्या कड्यात जमिनीवर बसत आणि बोलत. बाकीची ३६ बाहेरच्या कड्यात, आतल्या प्रत्येकावर दोघांची नजर. ती बोलत नसत, ऐकत आणि टिपून घेत: आपल्या वाट्याच्या मुलाने कुणाचा मुद्दा पुढे नेला, कुणाचं बोलणं मध्येच तोडलं, पुरावा दिला की नुसतंच म्हटलं. वीसेक मिनिटांनी कडी बदलत. सर सगळ्यांच्या मागे, खिडकीशी, मांडीवर एक लांब कोरी वही घेऊन. पहिल्या महिन्यात बोलणारे पाच-सहाच मुलगे होते. दिवाळीच्या आसपास मुली बोलू लागल्या. हे मी पाहिलं नाही, नंतर मुलांकडून कळलं. पाहायला मी गेलेच नव्हते.

गेले ती एकदाच. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली होती. फळ्यावर सरांनी एकच प्रश्न लिहिला होता: 'एकाच्या बोअरमुळे दुसऱ्याची विहीर आटली, तर ते पाणी कुणाचं?' आणि त्याखाली एक आकडा, ६० मीटर. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्याने शेतीसाठी नि कारखान्यांसाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरी घ्यायला मनाई केली आहे. ६० मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. आमच्या भागातली मुलं बोअर फुटांत मोजतात. कुणी चारशे म्हणत होतं, कुणी सहाशे, आणि आपल्याच बापाचं रान कायद्याच्या पलीकडे गेलंय हे एकेकाच्या ध्यानात येत होतं. गोंगाट झाला तो त्यामुळे. व्हरांड्यातून जाताना मला फक्त गोंगाट ऐकू आला आणि मी खिडकीशी थांबले.

तेवढ्यात आतल्या कड्यातली एक मुलगी म्हणाली, "आमच्या बोरला पाणी लागलं आन् चुलत्याची हीर आटली. आता ती आमच्याशी बोलत न्हाईत." वर्ग एकदम गप्प झाला. सरांनी मागूनच, हळू आवाजात विचारलं, "मग आता काय करायला हवं, असं तुला वाटतं?"

ती बोलेना. कुणीच बोलेना. मी पाहिलं, सरांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक पुढे सरकत होता. क्षणभर मला वाटलं, हे जप करतायत. मला ती शांतता सोसेना. मुलीला उत्तर येत नाही आणि सर नुसते बसून आहेत, असाच अर्थ मी लावला. दार ढकलून आत गेले. मुलं उभी राहिली. मी त्यांना बसवलं आणि दहाएक मिनिटं पाण्याचं महत्त्व, पाणी अडवा-पाणी जिरवा, शेजारधर्म यांवर बोलले. चांगलं बोलले, तेव्हा तरी मला तसं वाटलं होतं. मग खोलीत येऊन लॉगबुक काढलं.

गुरुवारी त्या मुलीचे वडील आले. "बाई, पोरीला घरच्या भानगडी वर्गात काढायला लावता व्हय तुम्ही?" त्यांची तक्रार निराधार नव्हती. घरचं दुखणं चोपन्न जणांपुढे उघडं पडलं होतं, आणि ते कुठवर उघडावं याची काळजी चर्चा घेणाऱ्याने घ्यायलाच हवी. सरांशी बसून हे बोलायला हवं होतं. अशा विषयात स्वतःच्या घराऐवजी 'एक गाव, एक शेतकरी' असं मांडता येतं, मुलीशी आधी एकटीशी बोलता येतं, वडिलांनाच एखाद्या जोडतासाला बोलावता येतं. हे मला आज सुचतंय असं नाही, त्या दिवशीही सुचलं असतं. मला तो प्रश्न सोडवायचा नव्हता, माझ्या टेबलावरून हलवायचा होता. वडिलांना मी शब्द दिला आणि सोमवारी वेळापत्रक बदललं. जोडतास फुटला, सहावा तास गणिताला गेला. कारण लिहिलं, 'अभ्यासक्रम मागे असल्याने.' सरांनी खाली सही केली आणि वेळापत्रकाचा कागद मला परत दिला.

आता त्या काळात मी काय काय बोलत होते तेही सांगते. प्रशिक्षणांत मी सुलभक म्हणून उभी राहायचे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं २९वं कलम मला तोंडपाठ. मूल भयमुक्त असावं, त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडता यावं, असं त्यात म्हटलंय. पुढे २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. आशय कमी करून चर्चेवर आधारलेल्या शिकण्याला जागा करा असं ते म्हणतं, तर मी त्याही पानाची स्लाइड केली. लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या सृजन आनंद या शाळेचं उदाहरण माझ्या प्रत्येक भाषणात असायचं. ज्या शाळेचं वेळापत्रक माझ्या हातात होतं, तिथे मात्र एका शिक्षकाला आठवड्याची ७० मिनिटं मी पाच महिन्यांवर देऊ शकले नाही.

आणि 'दिवास्वप्न'. गिजुभाई बधेकांचं हे छोटं पुस्तक मी दर शिक्षकदिनी कुणा ना कुणाला भेट द्यायचे. एक शिक्षक अधिकाऱ्याकडून एक वर्ग मागून घेतो आणि वर्षभर आपल्या पद्धतीने शिकवून पाहतो, अशी ती गोष्ट. पहिल्याच दिवशी त्याचा बेत फसतो, मुलं कालवा करतात, तो त्यांना लवकर घरी सोडतो आणि मुख्याध्यापक त्याला बोल लावतात. ते पुस्तक मी किती वेळा वाचलं असेन! दर वेळी मी स्वतःला त्या शिक्षकाच्या जागी पाहिलं. शिक्षक होण्याचं माझं स्वप्न तसंच होतं ना. गेल्या वर्षी पुन्हा वाचताना त्या पहिल्या दिवसापाशी थांबले. माझी जागा त्या पानावर दुसऱ्याच माणसाची होती.

खरं तर मला भीती वाटत होती. चर्चेत पुढचं वाक्य कोणतं येईल हे शिक्षकाला माहीत नसतं. टाचणात ते लिहिता येत नाही. मी तीस वर्षं मराठी शिकवलं ते पुढचं वाक्य ठाऊक असण्याच्या जोरावर. निवृत्तीनंतर मी संध्याकाळी अभ्यासिकेत दहावीच्या मुलांना शिकवते. एकदा सहज मोबाइलवर माझाच तास ध्वनिमुद्रित केला आणि रात्री ऐकला. "सांगा बरं, या मुलाने आईला हे का सांगितलं नसेल?" असं मी विचारलं होतं आणि त्याच श्वासात, "अर्थात, तिला त्रास होऊ नये म्हणून." मध्ये एका मुलाचा "बाई, पण..." असा आवाज आहे. मी तो ऐकलेलाच नाही, तशीच पुढे गेले आहे. तीन वेळा मागे नेऊन ऐकलं. तो 'पण' पुढे काय होता ते आता त्याला विचारलं तर आठवत नाही म्हणतो.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन विज्ञानशिक्षण-संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासून हेच मांडलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक एक सेकंदाच्या आसपासच थांबतात. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी न बोलणारी मुलं आपणहून बोलतात. हे वाचलं तेव्हा मला सरांचा अंगठा आठवला. ते सेकंद मोजत होते. एक पेर, एक सेकंद.

तालुक्याच्या आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी दर वर्षी शाळेकडून नाव मागवत. प्रस्ताव म्हणजे जाडजूड फाइल: शंभर टक्के निकालाचे तक्ते, वृत्तपत्रांची कात्रणं, वृक्षारोपणाची छायाचित्रं, पाहुण्यांचे अभिप्राय. सरांचं नाव एकदा सहकाऱ्यांनी सुचवलं होतं. मी म्हटलं, जोडायला काय आहे? खरोखरच काही नव्हतं. एक मुलगी कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा वर्गात बोलली, याचं छायाचित्र कसं काढणार? बाक पुन्हा जागेवर लावले की जोडतासाची खूण म्हणून फरशीवर खडूची पूड तेवढी राहायची. पण मी तिथेच थांबायला नको होतं. मुख्याध्यापकाच्या शिफारशीची दोन पानं त्या फाइलीत असतात. ती लिहायला मला वर्गात जाऊन बसावं लागलं असतं, आणि एकदा बसले असते तर सहावा तास परत द्यावा लागला असता.

सर माझ्या आधी एक वर्ष निवृत्त झाले. सेवापूर्तीचा समारंभ मीच घडवून आणला. मानपत्र मी लिहिलं, मंचावर वाचलंही मीच. 'मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारा शिक्षक' असं त्यात होतं, 'संवादाची परंपरा' असंही काहीतरी होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल पांघरताना मी अगदी जवळ होते, तेव्हा सर हळूच म्हणाले, "बाई, तो जोडतास..." आणि छायाचित्रकाराने इकडे बघा म्हटलं. आम्ही दोघांनी तिकडे पाहिलं. त्या छायाचित्रात मी हसते आहे. ते माझ्या घरी दिवाणखान्यात लावलेलं होतं. यंदा मार्चमध्ये मी ते उतरवलं आणि सरांकडे गेले.

काय बोलायचं ते ठरवून गेले होते. लॉगबुकातला शेरा चुकीचा होता, जोडतास काढला तो भीतीपोटी, आणि मानपत्र वाचताना हे दोन्ही मला ठाऊक होतं. एवढं बोलायला मला फार वेळ लागला. सर मध्ये बोलले नाहीत. मग उठून आत गेले आणि ती लांब वही घेऊन आले. प्रत्येक पानावर एक मोठं वर्तुळ, वर्तुळावर मुलांच्या नावांची आद्याक्षरं, कोण कुणाला उद्देशून बोललं त्याच्या रेघा. जूनच्या पानावर सगळ्या रेघा खिडकीकडे, सरांकडे जातात. पानं उलटत गेलं की त्या मुलामुलांत फिरू लागतात, दिवाळीच्या सुमाराला सरांकडे जवळजवळ एकही येत नाही.

त्या मंगळवारचं पान त्यांनी स्वतः काढून दिलं. रेघांची नुसती दाटी. 'सु' या अक्षरापासून एक रेघ मध्यापर्यंत येऊन थांबली होती, टोकाला टिंब. टिंबाशेजारी बारीक अक्षरांत १, २, ३ असे आकडे, चौदापर्यंत. चौदाच्या पुढे 'मु.अ.' आणि वेळ. त्याखाली काही नाही. मी पान उलटलं. पुढची वही कोरी होती.

"आपण अजून थोडं थांबलो असतो तर बोलली असती ती," सर म्हणाले.

'आपण' म्हणाले. तुम्ही म्हणायला हवं होतं त्यांनी, आणि तेच ऐकायची तयारी करून मी गेले होते.