छान आहे, साहेब

डिसेंबर आला की बहरीनमधल्या आपल्या मंडळींना सखीरचे वेध लागतात. वाळवंटात तंबू पडतात, जनरेटरची घरघर सुरू होते, निखाऱ्यांवर कणसं आणि भरताची वांगी चढतात. मग कोणीतरी गाडीचं दार उघडं ठेवून गाणं लावतं आणि आपल्या लोकांचा आवडता उद्योग सुरू होतो. "हे ऐकलंय का? नाही? अहो, मग ऐकलंत तरी काय!"

हा प्रश्न मी आजवर किती जणांना विचारला असेल, त्याची मोजदाद नाही. त्यातल्या एकाचं उत्तर मात्र तीसेक वर्षं मनात रुतून बसलं आहे.

तेव्हा कॅसेटचे दिवस होते. सोलापूरकडचे एक गृहस्थ आमच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. सुट्टीच्या दिवशी ते माझ्या गाडीतून सखीरला येत. वयाने माझ्याहून मोठे, तरी मला 'साहेब' म्हणत, आणि मीही ते म्हणू देत असे. एकदा मी त्यांना केसरबाई केरकरांची कॅसेट दिली. नुसती दिली नाही. जयपूर घराणं म्हणजे काय, अल्लादियाखाँसाहेबांची तालीम कशी होती, बाईंचा दमसास किती, असं अर्ध्या तासाचं व्याख्यान सोबत जोडलं. दोन आठवड्यांनी कॅसेट परत आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली, रिवाइंड केलेली.

"छान आहे, साहेब."

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी विचारलं, "कुठला राग जास्त आवडला?" ते खाली बघत म्हणाले, "सगळेच." त्या रात्री तंबूत हा किस्सा मी रंगवून सांगितला. लोक हसले. ते बाहेर शेगडीपाशी होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, मला ठाऊक नाही.

पुढे एकदा त्यांना बरं नव्हतं म्हणून खोलीवर गेलो. खाटेखाली बुटांच्या खोक्यात प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेट ओळीने लावलेल्या. विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, कव्वाल्या. हाताळून हाताळून लेबलं उडालेली. इतकी वर्षं माझ्या गाडीत बसणाऱ्या या माणसाने त्यातली एकही कधी बरोबर आणली नव्हती, आणि 'तुम्ही काय ऐकता?' असं मी एकदाही विचारलं नव्हतं.

याच सुमारास माझ्यावरही तशीच पाळी आली. अवालीत राहणाऱ्या एका अमेरिकन सहकाऱ्याने मला ब्लूग्रास नावाच्या संगीताची टेप दिली. केंटकीच्या बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या वाद्यवृंदावरून त्या सगळ्या प्रकारालाच हे नाव पडलं. मन्रो मँडोलिन वाजवत, आणि १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज तीन बोटांनी बँजो वाजवत त्यांच्यात आले तेव्हा त्याला आजचा घाट मिळाला, ही सगळी माहिती त्याने डोळे चमकावत दिली. मी टेप दोनदा लावली. घाईघाईची वाटली. परत देताना माझ्या तोंडून अगदी सहज निघालं, "छान आहे." आणि त्याच क्षणी मला ते प्लॅस्टिकच्या पिशवीतले 'छान आहे' आठवलं.

मी जे बोललो ते खोटं होतं. ते खोटंही होतं. पण या खोट्याचा धनी कोण? बोलणारा, की समोरच्याला खरं बोलायला जागाच न ठेवणारा? माझ्या बाबतीत मी दोष माझ्याकडेच घेईन. सहकारी बरोबरीचा होता, नाही आवडलं म्हणालो असतो तर काही बिघडत नव्हतं. त्या गृहस्थांना मात्र ती सोय नव्हती. मी साहेब होतो, गाडी माझी होती, आणि व्याख्यानानंतर 'कळलं नाही' म्हणणं म्हणजे स्वतःला अडाणी ठरवून घेणं होतं. तेव्हा ते खोटं त्यांनी बोललं असलं तरी बोलवून मी घेतलं होतं.

यावर कोणी म्हणेल, आवडीनिवडी ज्याच्या त्याच्या, श्रेष्ठ-कनिष्ठ काही नसतंच. हे मला पटत नाही. केसरबाईंचं गाणं थोरच आहे आणि त्यासाठी मी आजही भांडेन. पण गाणं थोर आहे, एवढ्यावरून ते ऐकवणाऱ्याला दुसऱ्याची परीक्षा घेण्याचा हक्क मिळतो का?

गंमत अशी की याच केसरबाईंच्या वाट्याला जगातली सर्वांत लांबची शिफारस आली. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवायच्या ठरल्या, तेव्हा रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने आपल्या यादीत सर्वांत वर बाईंच्या भैरवीतलं 'जात कहाँ हो' ठेवलं. ती तबकडी कुठे मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ तारखेला बाई गेल्या. गाणं जपून ठेवणाऱ्या, धोंडूताई कुलकर्णी या एकाच शिष्येला शिकवणाऱ्या बाईंचं ते साडेतीन मिनिटांचं गाणं आज २४०० कोटी किलोमीटरांच्या पलीकडे गेलं आहे. तिकडे कोणी ऐकेल का, ऐकलं तर काय म्हणेल, हे ब्राउनना कधीच कळणार नव्हतं. तरी त्यांनी ते सुचवलं. दाद मिळण्याची सोयच नाही, तिथे खोटी दाद कुठून येणार?

आपली गोष्ट वेगळी. आपण समोरासमोर बसतो, चेहरे बघतो. आणि शिफारस बंद करून तर चालणारच नाही. अल्लादियाखाँसाहेबांनी ध्वनिमुद्रिका दिल्या नाहीत, भास्करबुवा बखले यांचं गाणंही उरलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी भारावून सांगितलं, म्हणूनच ही माणसं आपल्यापर्यंत पोचली.

ते गृहस्थ निवृत्त होऊन कधीच गावी गेले. गेल्या हिवाळ्यात सखीरच्या तंबूत मीच प्रल्हाद शिंदे लावले. फोनवर आता सगळं मिळतं. एकाने नाक मुरडून "हे काय लावलंत?" विचारलं. मी उठून बाहेर गेलो आणि जुन्या डायरीतला नंबर फिरवला. लागला. इकडचं तिकडचं झाल्यावर सांगितलं, "तुमच्या प्रल्हाद शिंदेंची तीन गाणी ऐकली. दोन आवडली, तिसरं नाही आवडलं."

"कुठलं?" मी सांगितलं. ते मोठ्याने हसले. "ते तुम्हाला नव्हतंच आवडणार." मग जरा थांबून म्हणाले, "साहेब, आता सांगायला हरकत नाही. त्या बाईंच्या कॅसेटनं माझं डोकं दुखायचं. पण दुसऱ्या बाजूचं शेवटचं, ते मात्र मी चारदा ऐकलं होतं."

ते कुठलं होतं हे त्यांना आठवेना. कॅसेट माझ्याकडे अजून आहे, टेपरेकॉर्डर शोधतो आहे.