वाचा गेली, माणूस गेला का?



अमेरिकेत मेंदूतील रक्तस्रावानंतर एखाद्याची भाषा गेली, तर त्याच्या कागदांवर आय ६९.१२० हा कोड पडतो. १ ऑक्टोबर २०१५ पासून इथे आयसीडी-१० पद्धत लागू आहे. या कोडमधला आय ६९ म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारानंतर मागे राहिलेला परिणाम, त्यापुढचा १ म्हणजे मार न लागता मेंदूच्या आत झालेला रक्तस्राव, आणि शेवटचे २० म्हणजे वाचाघात, अर्थात अफेजिया. स्पीच थेरपीचा विमा मागताना हा कोड लागतो. म्हणून तो बरोबर आहे ना, हे अवश्य पाहा.

या कोडमध्ये एक कारण आहे आणि एक परिणाम आहे. गेल्या जन्मीच्या पापाला त्यात जागा नाही. तरीही आपल्याच घरांत कधी कधी "भोग आहेत, भोगायचेच" असे ऐकू येते. गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, ही कल्पना बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे. अशा रक्तस्रावाचे एक मोठे कारण उच्च रक्तदाब आहे. तेव्हा पापाचा हिशेब सोडा आणि घरातल्या सर्वांचा रक्तदाब मोजा.

आता खरा प्रश्न. आपण अनात्मवादी आहोत. आत्मा नाही आणि वाचाही गेली, मग त्या माणसात उरले काय? मिलिंद राजाला भन्ते नागसेनांनी रथाचे उदाहरण देऊन समजावले की नाव हे व्यवहारापुरते असते. कोडही तसाच. तो उपचारासाठी घ्यावा, पण माणूस म्हणजे तो कोड नव्हे.

वाचाघातात बुद्धी नष्ट होत नाही. पुष्कळांना काय बोलायचे ते ठाऊक असते, शब्द तेवढा सापडत नाही. काहींना ऐकलेलेही नीट उमगत नाही. पण बुद्धांनी कर्म म्हटले ते चेतनेला, जिभेला नव्हे. चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ झाली नाही, तरी तो अर्हत झाला. मग ज्यांना पंचशील म्हणता येत नाही, त्यांचे शील कमी कसे?

कोडला एक गोष्ट सांगता येत नाही : कोणती भाषा गेली? दोन भाषा बोलणाऱ्यांत एक अधिक जाते, दुसरी कमी, असेही होते. फक्त इंग्रजीत तपासून निष्कर्ष काढू देऊ नका. मराठी दुभाषी मागा. सरकारी निधी घेणाऱ्या इस्पितळांनी भाषेची मदत विनामूल्य द्यायची असते. ही १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून आलेली जबाबदारी आहे.

आणि वंदनेला त्यांना घेऊन या. स्वतःचे वाक्य जुळत नसलेल्या काहींना पाठ असलेले म्हणता येते. त्रिशरण ओठांवर येईलही. नाही आले, तर जोडलेले हात पुरेत. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नका, त्यांचे वाक्य घाईने पुरे करू नका. एका वेळी एकच प्रश्न विचारा, हो-नाहीत उत्तर देता येईल असा, आणि थांबा.

सम्यक वाचेची कसोटी इथे बोलू शकणाऱ्यांची आहे.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!